कोल्हापूरच्या कुर नाण्यांची साक्ष
धम्म 'एहिपस्सिको' आहे. या, पाहा आणि मगच स्वीकारा. जुन्या नाण्यांनाही आम्ही हीच कसोटी लावतो. कबनूरजवळच्या कोल्हापूर परिसरात कुर राजांची शिशाची नाणी सापडली. त्यांवर एकीकडे धनुष्यबाण व ब्राह्मी लेख, दुसरीकडे कमानींची टेकडी व वृक्ष दिसतो. टेकडीला कोणी चैत्य म्हणतात, कोणी पर्वत; तेवढ्यावरून नाणे बौद्ध ठरत नाही. माढरीपुत सिवलकुराच्या नाण्यांवर गोतमीपुत विळिवायकुराने पुन्हा आपला ठसा मारला. त्यावरून राजांचा क्रम उलगडला. कडेवर साच्याची शिवण दिसल्यास नकलेचा संशय धरावा. शिसे मऊ असते; घासल्यास हा पुरावाच पुसला जातो. लाकडी पेटीतील आम्लाने त्याची पांढरी भुकटी होते. जमिनीत नाणे सापडल्यास स्थळ नोंदवून जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे.