वळवाचा इशारा कसा ऐकावा?



उन्हाळ्यात गावोगाव फिरताना एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, रेडिओवर सांगितलं गडगडाटी पाऊस येणार. आम्ही कांदा झाकला, मजूर परत पाठवले, अन् टिपूससुद्धा नाही. पलीकडच्या गावात मात्र गारा!" मग पुढच्या इशाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि नेमका त्याच दिवशी घात होतो. म्हणून हा अंदाज तयार कसा होतो आणि ऐकायचा कसा, ते आज समजून घेऊ.

वादळ कसे तयार होते?

तीन गोष्टी जमाव्या लागतात : तापलेली जमीन, समुद्राकडून आलेला दमट वारा आणि उंचावर थंड, कोरडी हवा. दुपारपर्यंत जमीन तापते, खालची दमट हवा हलकी होऊन वेगाने वर चढते आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्याचा माथा ऐरणीसारखा पसरट दिसतो. म्हणूनच वळीव बहुधा दुपारनंतर येतो.

आपल्या खंडप्राय देशात मार्च ते जून याच वादळाची रूपे निराळी दिसतात. राजस्थान, उत्तर प्रदेशात हवा कोरडी, म्हणून धुळीची आँधी. २ मे २०१८ च्या अशा वादळात तिकडे शंभरावर माणसे दगावली. छोटा नागपूरच्या पठाराकडून बंगालवर येते ती कालबैसाखी. आपल्याकडे वळीव. पण अवकाळी गारपीट त्याआधीही गाठते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रात गहू, हरभरा, द्राक्षे गारांनी झोडपली, हे आपण विसरलेलो नाही.

अंदाजाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी चार-पाच दिवस आधीची. देशभरातून रोज पहाटे व संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास यंत्रे बांधलेले फुगे आकाशात सोडतात. वरच्या हवेची उष्णता, ओलावा आणि वारा त्यावरून कळतो. ही माहिती व उपग्रहांची चित्रे संगणकात घालून वादळाला पोषक हवा कोणत्या भागात होईल ते सांगतात. गाव सांगता येत नाही. या पायरीवर काढणीला आलेला माल आधी काढा, ताडपत्री व दोर तयार ठेवा.

दुसरी पायरी जिल्ह्याच्या इशाऱ्याची. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. येथे शब्दही नीट ऐका. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या फार तर चौथा हिस्सा ठिकाणी, "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत. चारांतल्या तीन गावांत काही पडले नाही, तरी अंदाज खोटा ठरत नाही. आपले गाव तीनांत की चौथे, हे मात्र आदल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. या दिवशी मळणी व फवारणी पुढे ढकला, कडब्याची गंजी झाका.

तिसरी पायरी पुढच्या तीन तासांची. रडारला ढग प्रत्यक्ष दिसतो, तो कोणीकडे सरकतो तेही कळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप मोबाईलवर असेल, तर आपल्यापासून वीस व चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजांची सूचना मिळते. या पायरीवर माल नाही, माणसे आणि जनावरे हलवायची. गुरे झाडाखाली बांधलेली असतील तर सोडा. गोठ्यात न्या.

शेवटचा अर्धा तास आपला

एकच ढग अर्ध्या-पाऊण तासात उठून बरसूनही जातो. तेव्हा आपले डोळे-कानच खरे. वीज चमकली की आकडे मोजा. आवाज यायला तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम तिथेच टाका आणि पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

झाडाचा आसरा घेऊ नका. वीज झाडावर पडून शेजारच्या माणसात शिरते. उघडी पत्र्याची शेडही सुरक्षित नाही. विहीर, तळे, तारेचे कुंपण, पंपाचा स्टार्टर यांपासून दूर राहा. निवारा नसेलच तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. जमिनीवर आडवे पडू नका. कोणावर वीज पडली तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, बिनधास्त हात लावा. श्वास नसेल तर छाती दाबणे सुरू करा आणि १०८ ला फोन करा.

देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसे जातात आणि त्यांतली पुष्कळशी शेतात राबणारी. झाकलेला कांदा दहा वेळा उघडावा लागला, तर मजुरी वाया जाते. अकराव्या वेळी माणूस झाडाखाली राहिला, तर ते नुकसान कशानेच भरून येत नाही. म्हणून इशारा फुकट गेला तरी पुढचा ऐका.