पिवळं बाळ आणि आईचं दूध

आमच्या सदाशिव पेठेत बाळंतिणीच्या खोलीत डोकावणारी प्रत्येक बाई निम्मी डॉक्टर असते! भाचीची लेक अठराव्या दिवशीही पिवळी दिसली आणि हुकूम सुटला, ‘अंगावरचं दूध तोडा.’ पावडरचा डबाही आला.

या समजुतीला शास्त्राचा थोडा आधार आहे. दुधातल्या लायपेज या विकरामुळे स्निग्धाम्लं सुटी होतात. बाळाच्या यकृतातलं बिलिरुबिनचा निचरा करणारं विकर ती रोखतात, असं १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत दिसलं. आता आनुवंशिकतेकडेही बोट दाखवतात. पण दूध तोडायचं कशाला? दुधातली निम्मी ऊर्जा स्निग्धांशातूनच येते. अशा काविळीत बाळ टवटवीत असतं, वजन वाढतं, दोन-तीन महिन्यांत रंग उतरतो. उलट पहिल्या आठवड्यातली कावीळ पुष्कळदा दूध कमी पडल्यानं वाढते. दिवसातून आठ-बारा वेळा पाजावं.

मात्र पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा आला, शी पांढुरकी झाली, बाळ पेंगून दूध ओढेना, तर गच्चीतल्या कोवळ्या उन्हावर विसंबू नये. ससून म्हणा, केईएम म्हणा, गाठावं आणि रक्त तपासावं. पंधरवडा उलटूनही रंग टिकला, तर बाळ खेळतं असलं तरी एकदा दाखवावंच. निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळालाही डॉक्टर सहसा आईचंच दूध पाजायला सांगतात.