जंतू लहान, छिद्र मोठं. तरी पटकी अडली

हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळायची रीत आपल्याकडे घरोघरी होती. गाळणीचा हिशेब सोपा असतो: छिद्राहून मोठा कण वर राहतो, लहान खाली उतरतो. या हिशेबानं पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूपुढे फडक्याचं काहीच चालू नये. हा जंतू लांबीला दोन-तीन मायक्रोमीटर, तर एकपदरी सुती साडीची छिद्रं शंभराहून अधिक मायक्रोमीटरची.

गोम अशी, की तळ्यानदीतला हा जंतू बराचसा एकटा फिरत नाही. नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या कवचधारी जलचरांना तो चिकटून राहतो. एकेकावर हजारोंच्या संख्येनं. साडीची चौपदरी घडी घातली, की वाट सुमारे वीस मायक्रोमीटरवर येते. त्यातही साडी जुनी बरी. वारंवार धुऊन तिच्या धाग्यांचे तंतू सुटतात आणि छिद्रं आणखी बुजतात. जलचर अडकला, की त्याच्यावरचे जंतूही अडकले.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात ६५ खेड्यांमध्ये याची पडताळणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, साडीनं पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं.

आपल्याकडच्या नारू या कृमिरोगाचीही तीच गत. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात सुटत. सायक्लॉप्स हा जलचर त्या गिळी आणि पाण्यासोबत तो माणसाच्या पोटात जाई. विहिरींची सुधारणा, हातपंप आणि औषधफवारणी यांच्या जोडीला फडक्यानं गाळणं हाही नारूविरोधी मोहिमेचा भाग होता. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

म्हणून गाळलेलं पाणी निर्जंतुक झालं असं मात्र समजू नये. सुटे तरंगणारे जंतू आणि काविळीचे विषाणू फडक्यातून बिनदिक्कत पार होतात. तेव्हा पाणी आधी गाळा, मग उकळा. फडकं रोज धुऊन कडक उन्हात वाळवा आणि त्याची वरची बाजू कायम वरच ठेवा. उलटं बांधलंत, तर काल अडवलेला गाळ आज हंड्यात उतरेल.