परदेशातील रोकड आणि शुल्काची गळती
उच्च शिक्षणासाठी जर्मनीत जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याचा खर्च बहुधा कर्जातून भागविला जातो. त्यामुळे तेथे रोकड काढताना गमावलेला प्रत्येक युरो पुढे व्याजासह फेडावा लागतो. भारतीय डेबिट कार्ड तेथील एटीएममध्ये वापरल्यास साधारणतः तीन ठिकाणी शुल्क लागते: भारतीय बँकेचे व्यवहार शुल्क, चलन रूपांतरावरील अधिभार आणि यंत्रमालकाचे शुल्क. शिवाय भारतीय बँकेच्या शुल्कावर 18 टक्के वस्तू व सेवा कर असतोच. पाच युरोंचे ठरावीक शुल्क 50 युरो काढणाऱ्यास दहा टक्के पडते, तर 500 युरो काढणाऱ्यास एकच टक्का. क्रेडिट कार्डावर काढलेल्या रोकडीस तर सामान्यतः त्याच दिवसापासून व्याज लागू होते.

खरी फसगत मात्र पडद्यावरील एका प्रश्नात असते. ‘रक्कम रुपयांत वळती करावी काय?’ असे यंत्र विचारते. ओळखीचे चलन पाहून विद्यार्थी होकार देतो. हाती नोटा युरोच्याच पडतात, पण दर यंत्रचालकाचा, त्याच्या नफ्यासह, लागू होतो. येथे नकार देऊन युरोतच व्यवहार करणे सामान्यतः लाभाचे ठरते.

जर्मन व्हिसासाठी पुष्कळ विद्यार्थी अवरुद्ध खात्यात वर्षाचा निर्वाहखर्च आगाऊ ठेवतात. 2024 मध्ये ही रक्कम 11,904 युरो झाली. तीतून दरमहा मिळणारा हप्ता स्थानिक चालू खात्यात घेऊन त्याच बँकसमूहाच्या यंत्रातून काढल्यास बहुतेक शुल्के टळतात. भारतीय कार्डाची गरज मग पहिल्या काही दिवसांपुरतीच उरते. ऑक्टोबर 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठीच दिली जातात; परदेशी वापराची सुविधा निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी लागते.