वाट सोडलेल्या कणांचा हिशेब

गळती किती, यापेक्षा कुठं

आष्ट्याच्या परिसरात गळतीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उसाला सोडलेलं थोडं पाणी वाया गेलं तर तो तोटा मामुली. पण ते मुरत मुरत खालच्या रानात साठतं, ती जमीन क्षारपड होते आणि मग तिथं काही पिकेनासं होतं. खरा तोटा तो. कण-त्वरक बांधणाऱ्यांची काळजी याच जातीची असते. प्रोटॉन फुकट गेले म्हणून कुणी हळहळत नाही, हायड्रोजन काही महाग नाही. मात्र वाट सोडलेला वेगवान प्रोटॉन ज्या धातूवर आदळतो, तो धातू किरणोत्सारी होऊ शकतो, तापतो, आणि अतिवाहक चुंबक असेल तर त्याची अतिवाहकताच मोडते. म्हणून त्वरक उभा राहण्याआधी तो संगणकात चालवून बघतात. या सिम्युलेशनमध्ये बीमचा, म्हणजे कणांच्या झोताचा, गाभा फारसा त्रास देत नाही. सगळी मेहनत कडेच्या मूठभर कणांपायी असते.

ट्रॉम्बेचा लेहिपा

महाराष्ट्रातलं चांगलं उदाहरण मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. 'लेहिपा' हा तिथला प्रोटॉन त्वरक. नावाचा अर्थ इतकाच, की ऊर्जा कमी पण कणांची संख्या प्रचंड. आयन स्रोतातून प्रोटॉन ५० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेनं निघतात. पुढचा टप्पा आरएफक्यू त्यांना ३ एमईव्हीपर्यंत नेतो, म्हणजे ३० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यानंतरचा डीटीएल त्यांना २० एमईव्हीपर्यंत पोचवतो. हा टप्पा २०२३ मध्ये गाठला गेला. आराखड्यातला प्रवाह ३० मिलिअँपिअरचा आहे. पुढचं स्वप्न मोठं: १ जीईव्ही, म्हणजे १ हजार एमईव्हीचा त्वरक, आणि त्याच्या जोरावर थोरियम वापरणारी अणुभट्टी.

२० एमईव्ही हा आकडा किरकोळ वाटेल, पण दांडगाई करणारा बीम इथंच भेटतो. सगळे प्रोटॉन धनभारित, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. स्रोतातून निघताना त्यांचा वेग प्रकाशाच्या जेमतेम एक टक्का असतो आणि ही ढकलाढकली पूर्ण जोरात चालते. वेग वाढला की शेजारून धावणाऱ्या कणांचं चुंबकीय आकर्षण या विकर्षणाला खाऊ लागतं. प्रकाशाच्या वेगाजवळ दोन्ही जवळजवळ सम होतात. म्हणजे हळू चालणारा बीमच जास्त पसरतो, आणि सुरुवातीच्या काही मीटरांत जे बिघडलं ते पुढे शेकडो मीटर निस्तरावं लागतं.

एका वॉटचा नियम

जास्त प्रवाहाचे प्रोटॉन त्वरक बांधणारे जगभर एक साधा दंडक पाळतात: बीमची गळती दर मीटरला एक वॉटच्या आत हवी. हा आकडा माणसाच्या सोयीतून आला आहे. यंत्र बंद केल्यावर काही वेळानं तंत्रज्ञाला जवळ जाऊन पाना लावता आला पाहिजे. गळती याहून जास्त झाली, तर दुरुस्तीला यंत्रमानव पाठवायची पाळी येते.

आता १ जीईव्हीचा हिशेब करून बघा. १०० कोटी व्होल्ट गुणिले ३० मिलिअँपिअर, म्हणजे ३ कोटी वॉट. त्यातला एक वॉट म्हणजे दर मीटरला ३ कोटी कणांमागे एक कण. एवढीच सूट.

कमी ऊर्जेला हा नियम सैल होतो. साधारण २ एमईव्हीच्या खाली प्रोटॉन तांब्याच्या केंद्रकात सहसा शिरू शकत नाही, त्यामुळे तांबं किरणोत्सारी होत नाही. म्हणूनच आरएफक्यूच्या सुरुवातीच्या भागात जे कण नीट पुंजक्यात बसत नाहीत, ते तिथंच गळून गेले तर डिझायनर खूश असतो. पुढे डीटीएलमध्ये गळण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पुंजक्यातले ५३ कोटी

लेहिपातलं विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे ३५.२ कोटी आवर्तनं करतं. दर आवर्तनाला एक पुंजका आणि ३० मिलिअँपिअर प्रवाह धरला, तर एका पुंजक्यात साधारण ५३ कोटी प्रोटॉन येतात. प्रत्येकाचा प्रत्येकाशी हिशेब करणं कुठल्याही संगणकाला झेपणारं नाही. मग एक युक्ती वापरतात. हजारो प्रोटॉनांच्या जागी एकच 'महाकण' धरायचा, पुंजक्याभोवती काल्पनिक जाळी मांडायची, महाकणांचा भार जाळीच्या गाठींवर वाटून टाकायचा, त्यावरून विद्युतक्षेत्र काढायचं आणि त्या क्षेत्रानं महाकणांना छोटासा धक्का द्यायचा. मग थोडं पुढे सरकून पुन्हा पहिल्यापासून.

एक लाख महाकण घेतले तर गाभ्याचा आकार, ऊर्जा, बीमची रुंदी हे सगळं छान जमतं. पण तेव्हा एक महाकण ५,३०० प्रोटॉनांचा असतो, आणि आपल्याला शोधायचा आहे ३ कोटींतला एक. लाख महाकणांतला एकही भिंतीला लागला नाही, म्हणून गळती शून्य म्हणायची का? तसं मुळीच नाही. त्या आकड्यावरून एवढंच म्हणता येतं, की गळती लाखात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी, आणि दंडक त्याच्या शेकडोपट कडक आहे. त्यामुळे महाकण कोटींत घ्यावे लागतात आणि शेकडो प्रोसेसर एकत्र जुंपावे लागतात.

हे कडेचे कण मुळात तयार कसे होतात? एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना बीमचा आकार नीट जुळला नाही, की गाभा आलटून पालटून फुगतो आणि आकसतो. एखाद्या कणाच्या डोलण्याची वारंवारता या फुगण्या-आकसण्याच्या निम्मी झाली, तर दर वेळी त्याला योग्य क्षणी ढुशी बसते. तो बाहेर बाहेर फेकला जातो आणि गाभ्याभोवती विरळ कणांचं खळं तयार होतं. पुढे भिंतीला लागतात ते बहुतेक यातलेच.

दुसरी गोष्ट चुकांची. कागदावरच्या आदर्श यंत्रात गळती जवळजवळ नसतेच. खऱ्या यंत्रात चुंबक मिलिमीटरच्या दहाव्या भागानं सरकलेला असतो, कुठं किंचित फिरलेला, कुठं विद्युतक्षेत्र टक्काभर कमी. म्हणून असल्या चुका यदृच्छेनं पेरून तेच यंत्र शेकडो वेळा चालवतात आणि त्यातल्या वाईटातल्या वाईट निकालांवरून बीमनळीची रुंदी ठरवतात. माझ्या मते सिम्युलेशनचा अहवाल वाचताना आधी हेच पान उघडावं. नुसत्या आदर्श यंत्राचे आलेख दिसायला सुरेख, कामाला निरुपयोगी.

जिनिव्हाचं रिंगण

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या त्वरकात प्रश्न बदलतो. तिथं प्रोटॉन २६.७ किलोमीटरच्या वर्तुळात सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतात आणि तासन्‌तास फिरत राहतात. विकर्षण जवळजवळ संपलेलं, पण चुंबकांतले बारीक दोष फेरी-फेरीनं साचत जातात. एका बीममध्ये आराखड्यानुसार २,८०८ पुंजके, प्रत्येकात ११,५०० कोटी प्रोटॉन, दर प्रोटॉनची ऊर्जा ७ हजार जीईव्ही. एकूण ऊर्जा ३६२ मेगाज्यूल, म्हणजे अर्धा टन तांबं वितळवायला पुरेल इतकी. उणे २७१ अंश सेल्सिअसवरच्या चुंबकाची अतिवाहकता मोडायला मात्र घनसेंटीमीटरमागे मिलिज्यूलच्या घरातली उष्णता पुरते.

यावर उपाय म्हणजे गळती कुठं व्हावी हे आपणच ठरवणं. त्यासाठी रिंगणात १०० च्या आसपास कॉलिमेटर बसवले आहेत. कार्बनच्या दोन जबड्यांमधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून बीम जातो, आणि कडेचे कण आधी जबड्याला घासतात. तिथून विखुरलेले कण दुसऱ्या फळीत अडतात, उरलेले शोषकांत जिरतात. हे आधी आजमावायला 'सिक्सट्रॅक' नावाचा प्रोग्रॅम वापरत आले आहेत. कोट्यवधी कण फिरवायचे आणि प्रत्येक कण रिंगणाच्या कुठल्या दहा सेंटीमीटरांत हरवला याची नोंद ठेवायची. असा लॉस मॅप हाती आला की 'फ्लुका'सारखा प्रोग्रॅम त्या जागी दुय्यम कणांचा सडा किती पडेल आणि चुंबक किती तापेल हे काढतो. खऱ्या बोगद्यात गळती मोजणारे सुमारे ४ हजार मापक आहेत. कमी तीव्रतेचा बीम मुद्दाम फुगवून त्यांची नोंद घेतात आणि संगणकाच्या नकाशाशी ताडून बघतात.

१९ सप्टेंबर २००८ चा एलएचसीचा अपघात अनेकजण बीमच्या माथी मारतात. ते चूक आहे. तेव्हा दोन चुंबकांमधला विजेचा एक जोड निकामी झाला होता. २०१० पासून मात्र बीमवर पडणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांमुळे अचानक गळती होताना दिसली. असा प्रकार आधी नीट हिशेबात धरलेला नव्हता.

चुंबकाची अतिवाहकता मोडलीच तर तो सगळीकडून सारखा तापवावा लागतो, नाहीतर एकाच जागी जळतो. त्यासाठीच्या हीटरांचे ५,५०० वीजपुरवठे भारतातून गेले आहेत.

खारघरला मुद्दाम केलेली गळती

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या केंद्रात, २०२३ पासून प्रोटॉनांनी कर्करोगावर उपचार होतात. तिथला सायक्लोट्रॉन एकाच ऊर्जेचा बीम देतो: २३० एमईव्ही. हे प्रोटॉन पाण्यात किंवा शरीरात सुमारे ३३ सेंटीमीटर जातात. गाठ चारच सेंटीमीटर खोल असेल तर ७० एमईव्ही पुरे. मग वाटेत पदार्थाचा जाड अडसर घालून ऊर्जा उतरवतात. त्यात प्रोटॉन इतके विखुरतात, की सगळ्यात कमी ऊर्जेला शंभरातला एखादाच रुग्णापर्यंत पोचतो. बाकीचे अडसराजवळ न्यूट्रॉनांचा मारा तयार करतात. काँक्रीटच्या भिंती कुठं किती जाड हव्यात, हे इमारत बांधायच्या आधी सिम्युलेशननंच ठरवावं लागतं.

घरच्या लॅपटॉपवर

एवढं सगळं ऐकून महासंगणकाशिवाय काही होत नाही असं वाटेल. पण २००४ मध्ये सर्ननं 'एलएचसी अ‍ॅट होम' सुरू केलं, आणि तेव्हापासून कुणीही आपला रिकामा संगणक या कामाला देऊ शकतो. आष्ट्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगाही. एका कामात ६० कण, आणि साधारण एक लाख फेऱ्या. खऱ्या यंत्रात त्या नऊ सेकंदांत होतात, लॅपटॉपला तास लागतात. मध्येच वीज गेली तरी हरकत नाही, काम अधूनमधून जतन होतं.

या प्रकल्पात एक गंमतीदार अडचण आली. तेच काम दोन वेगळ्या प्रोसेसरांवर दिलं तर उत्तरं जुळेनात. साइन, लॉग यांसारख्या फलनांच्या शेवटच्या दशांशात दोन्ही संगणक किंचित वेगळं गोलाकारीकरण करत होते. कडेच्या कणांची गती अराजकी असते, त्यामुळे तो फरक हजारो फेऱ्यांत वाढत जाऊन एका संगणकात कण टिकायचा, दुसऱ्यात हरवायचा. शेवटी शेवटचा अंकही हमखास बरोबर देणारी गणिती सॉफ्टवेअर-लायब्ररी जोडली, तेव्हा उत्तरं बिट न्‌ बिट जुळली. सिक्सट्रॅकची जागा आता 'एक्ससूट' घेत आहे. ते मोफत आहे, पायथनमध्ये चालतं, आणि ज्याला चतुर्ध्रुवी चुंबकाचं गणित येतं तो एखाद्या सुट्टीत त्यावर स्वतःचं छोटं रिंगण मांडून चुंबक दशांश मिलिमीटरनं सरकवून बघू शकतो.