जीवशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हप्ता

गेल्या जून महिन्यांत आमच्या घरीं झोपाळ्याभोंवतीं एक मोठी सभा भरली. धाकट्या बंधूंची नात बारावीला उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाली. वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेंत मात्र तिचा क्रमांक फार मागें गेला. तिला त्याचें फारसें दुःख नव्हतें. लहानपणीं अंगणांतले सुरवंट डब्यांत पाळून त्यांचीं फुलपांखरें होण्याची वाट पाहत बसणारी ही मुलगी. तिला जीवशास्त्रच शिकावयाचें होतें. एका खासगी विद्यापीठानें जीवतंत्रज्ञानाच्या तीन वर्षांच्या वर्गांत जागा देऊं केली. शुल्क सालिना २ लाख. बँक ६ लाख रुपये कर्जाऊ द्यावयास तयार होती. सहकर्जदार म्हणून तिच्या वडिलांची सही तेवढी व्हावयाची होती. सहीपूर्वीं तो कागद त्यांनीं आमच्यापुढें ठेवला. "काका, आपण एकदां नजर घाला."

आम्हीं जन्मभर मुलांस सरळव्याज शिकविलें. तेव्हां पाटी मागविली. व्याजाचा दर शेंकडा १० धरला. अभ्यासक्रमाचीं तीन वर्षें व पुढील एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून पुष्कळ पालक हा काळ फुकटाचा समजतात. तो तसा नाहीं. पहिल्या वर्षाच्या २ लाखांवर चार वर्षांचें ८० हजार, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर ६० हजार, तिसऱ्यावर ४० हजार, मिळून १ लाख ८० हजार व्याज पहिला हप्ता भरण्यापूर्वींच सांचतें. मग ७ लाख ८० हजारांची फेड दहा वर्षांत करावयाची, तर महिना सुमारें १०,३०० रुपये. एकंदर भरणा १४ लाखांच्या आंत, म्हणजे १२ लाख ३७ हजार. घेतले ६ लाख! व्याज मुद्दलापेक्षां अधिक वसूल करूं नये, हा दामदुपटीचा नियम आमच्या धर्मशास्त्रकारांनीं घालून दिला होता. तो एकरकमी वसुलीस लागतो, हप्त्यांस नव्हे, असें कायदेपंडित सांगतील, आणि तें खरेंहि आहे. तरी पाटीवरील आंकडा पाहून आम्हांस त्या नियमाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

आतां मिळकतीची बाजू. नुसती बी. एस्सी. झालेल्या मुलीस औषधांच्या कारखान्यांतील तपासणीच्या प्रयोगशाळेंत काम मिळूं शकतें. आमचे जे जुने विद्यार्थी अशा जागीं लागले, त्यांनीं आरंभींचा पगार १८ ते २५ हजार सांगितला. त्यांतून खोलीचें भाडें व खाणावळ वजा जातां हप्त्यापुरतें तरी उरेल काय, ही शंकाच आहे. शिवाय तिचे वडील सात वर्षांनीं निवृत्त व्हावयाचे. शेवटचा हप्ता चौदाव्या वर्षीं.

यावर आमचे एक आप्त उद्गारले, "मग किडेमुंग्या मोजण्यापेक्षां संगणकाचें शिक्षण काय वाईट?" हें बोलणें आम्हांस आवडलें नाहीं. कमलाबाई सोहोनींस १९३३ सालीं बंगळुरच्या विज्ञानसंस्थेंत केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यांत आला. त्याच बाईंनीं १९३९ सालीं केंब्रिजची पीएच. डी. मिळविली. जीवरसायनाचा विषय त्यांस कमी दर्जाचा वाटला नाहीं. अडचण विषयांत नसून वेळेंत आहे. या विषयाचें फळ उशिरां येतें. पदवीनंतर दोन वर्षें एम. एस्सी., मग 'नेट' परीक्षा. तींत संशोधन-छात्रवृत्ति मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानें महिना ३७ हजार, दोन वर्षांनंतर ४२ हजार. म्हणजे बरी मिळकत सुरू व्हावयास बारावीनंतर निदान पांच वर्षें हवींत, आणि बँकेचा हप्ता उभा राहतो चार वर्षांनीं, मुलगी एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षांत असतां! बँकेनें मुदत वाढवून दिली तरी व्याज कांहीं थांबत नाहीं.

इंग्लंडांत २०२३ च्या ऑगस्टपासून जे विद्यार्थी दाखल झाले, त्यांच्याकरितां निराळी रीत ठरली. वार्षिक २५ हजार पौंडांवर जेवढी मिळकत होईल तिच्या शेंकडा ९ कापून घ्यावयाचे. मिळकत त्याखालीं असेल तर कांहींच नाहीं. चाळीस वर्षांनंतर उरलेलें माफ. तेथील सावकार मिळकत पाहून दारीं येतो, आमचा पंचांग पाहून.

शिष्यवृत्तीचीहि चौकशी आम्हीं केली. 'इन्स्पायर' म्हणून केंद्र सरकारची सालिना ८० हजारांची शिष्यवृत्ति आहे; बारावीच्या मंडळांत पहिल्या शेंकडा एकांत येणाऱ्यांस ती मिळूं शकते. तिच्या विषयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आहेत, जीवतंत्रज्ञान नाहीं. महाग विषयास ती नाहीं व स्वस्तास आहे, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आमच्या मुलीचे गुण मात्र थोडक्यांत कमी पडले.

ती इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, तिकडे जनुकें तपासण्याचीं यंत्रें आहेत. इकडच्या कॉलेजांत एका सूक्ष्मदर्शकाशीं सहा मुलें असतात." हें आम्हांस खोडतां आलें नाहीं. अजूनहि येत नाहीं. यंत्रांवर हात बसणें ही या विद्येंत लहान गोष्ट नव्हे.

तोड निघाली ती आमच्या कुटुंबाच्या बोलण्यांतून. मुलीनें अनुदानित कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावें, आणि तीन वर्षें घरांतून दरमहा ५ हजार तिच्या नांवें बँकेंत टाकावे. तिच्या वडिलांनीं व आम्हीं निम्मे निम्मे द्यावयाचे. छत्तीस महिन्यांचे १ लाख ८० हजार होतात, म्हणजे नेमकें तेवढेच, जेवढें व्याज सांचणार होतें. उन्हाळ्याच्या सुट्टींत एखाद्या संशोधनसंस्थेंत काम शिकावयास त्यांतून खर्च करावा. उरेल तें एम. एस्सी.ला. कर्ज काढावेंच लागलें तर तेव्हां काढावें, मिळकत जवळ आली असतां. ज्यांच्या घरीं कर्ज आधींच घेतलें आहे, त्यांनीं शिक्षण चालूं असतांनाच व्याज भरीत जावें. वरील उदाहरणांत पहिल्या वर्षीं तें महिना सुमारें १,६७० रुपये येतें, आणि शेवटीं लाखभर रुपये वांचतात.

कागद सहीवांचून परत गेला. मुलगी आठ दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलत होती. हल्लीं कॉलेजांत जाते. परवां घरचें ताक लहान बाटलींत घेऊन गेली आणि सायंकाळीं वहींत काढलेल्या काड्यांसारख्या जंतूंच्या आकृति आम्हांस दाखवूं लागली. आमच्या कुटुंबानें त्या लांबूनच पाहिल्या.