खो-खो खेळून पुढं काय? सारिका काळेंची कारकीर्द

मागच्या भागात आपण अमेरिकेत कॉलेजकडून आइस हॉकी खेळत खेळत देशाच्या संघात पोचणाऱ्या मुलींबद्दल बोललो. त्यावर आपल्या ढोकीतूनच एकीचा मेसेज आला. "दादा, बर्फ आम्ही रसवंतीवर बघितलाय. आपल्याकडचं कुणीतरी सांगा की. मी अकरावीला आहे, खो-खो खेळते. घरचे म्हणतात, खेळून पुढं काय?"

पहिल्या वाक्यावर हसलो. शेवटच्या वाक्यावर मात्र हा अख्खा भाग करावा लागला. आणि उत्तर शोधायला लांब जायची गरजच पडली नाही. ढोकीतून एसटीत बसलं की तासाभरात धाराशिव. सारिका काळे तिथल्याच. भारताच्या महिला खो-खो संघाच्या माजी कर्णधार. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही कधी? १९९८ मध्ये कर्नाटकच्या शोभा नारायण यांना मिळाला होता, त्यानंतर बावीस वर्षं खो-खोकडं कुणी बघितलंच नव्हतं, तेव्हा.

आधी खेळाबद्दल दोन मिनिटं, कारण खो-खो म्हणजे नुसती पळापळ असं समजणारे माझ्या ऑफिसात भरपूर आहेत.

पारंपरिक खो-खोत नऊ जणी मैदानात. आठ जणी मधल्या पट्टीवर एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसलेल्या, नववी पाठलाग करणारी. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीनं आत येतात. आता खरी गंमत बघा. पळणारी कुठूनही घुसू शकते, दोघींच्या मधून इकडून तिकडं जाऊ शकते. पाठलाग करणारीला हे काहीच चालत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं वळायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. म्हणजे एकटी कितीही वेगवान असली तरी हरणारच. तिनं करायचं एवढंच, की योग्य जागी बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून 'खो' द्यायचा आणि स्वतः तिच्या जागी बसायचं. पळणारी ज्या बाजूला सुटली, त्या बाजूला तोंड करून बसलेली उठली पाहिजे. हा हिशोब धावता धावता, क्षणभरात. आम्ही कोड लिहिणारे असल्या गोष्टीवर अर्धा दिवस मीटिंग घेतो.

आणि या खेळाला लागतं काय? दोन खांब, चुन्याची फक्की आणि सपाट जमीन. आइस हॉकीला रिंक, स्केट, काठी, हेल्मेट, पॅड. म्हणून आपल्या मराठवाड्यात खो-खो रुजला, असं माझं मत. पोरींच्या खेळावर घरातून पैसा निघत नाही, आणि या खेळाला सुरुवातीला तरी तो लागत नाही.

तरी एक गोष्ट लागतेच. पोटाला अन्न. सारिकाताईंच्या गोष्टीत हेच सगळ्यात बोचतं.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांच्या काकांनी त्यांना मैदानावर नेलं. घरची परिस्थिती अशी, की वडील अपंग, कमाई जेमतेम. आई शिवणकाम करायची. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिकाताईंनी स्वतःच सांगितलं होतं, की जवळपास दहा वर्षं त्या दिवसातून एकदाच जेवत होत्या. शिबिराला किंवा स्पर्धेला गेलं की मात्र खुराक नीट मिळायचा. जरा थांबून विचार करा. आपल्यासाठी शिबिर म्हणजे घराबाहेरचं कष्टाचं राहणं. त्यांच्यासाठी शिबिर म्हणजे वेळेवर जेवण.

या सगळ्यातून त्या संघात टिकल्या, त्यात प्रशिक्षक चंद्रजित जाधव सरांचा मोठा वाटा आहे. मग आलं २०१६. फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्या स्पर्धांमध्ये खो-खोचा समावेश पहिल्यांदाच झाला होता. भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं, कर्णधार सारिका काळे. त्याच वर्षी इंदूरला आशियाई स्पर्धाही झाली.

आता या कारकिर्दीचा आलेख काढायचा तर कुणीही म्हणेल, २०१६ म्हणजे शिखर. पण त्याच वर्षी पैशांच्या अडचणीनं त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं! जाधव सरांनी नंतर सांगितलं, की सारिकानं स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय हे त्यांना तिच्या आजीकडून कळलं. सरांनी समजूत काढली, आणि ताई मैदानावर परत आल्या. देशाला सुवर्ण मिळवून देणारी कर्णधार, वय तेवीसच्या आसपास, आणि घरात पैशाचा प्रश्न होता तिथंच.

माझ्या मते "पुढं काय" हा प्रश्न इथंच येऊन उभा राहतो. शाळेत असताना शाळेचा संघ असतो. कॉलेजात विद्यापीठाचा संघ असतो. कॉलेज संपतं, आणि मग मधली काही वर्षं अशी येतात, की खेळाडू म्हणून तुम्ही सगळ्यात तयार असता आणि कमाई शून्य. घरी लग्नाचा विषय निघतो तोही तेव्हाच. किती जणी या पट्ट्यात गळतात, हे कुठल्याच गुणफलकावर दिसत नाही.

अमेरिकेतल्या आइस हॉकीवाल्या मुलींचं वेगळं कसं, हे मागच्या भागात आलंच होतं. तिथं १९७२ च्या एका कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना डावलायची मनाई केली. मग कॉलेजांना मुलींच्या खेळावर खर्च करणं भाग पडलं. पुढं महिला आइस हॉकी १९९८ ला ऑलिंपिकमध्ये आली. चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्तीतून फी, राहणं, जेवण मिळू शकतं. म्हणजे ज्या वयात सारिकाताई एकवेळ जेवत होत्या, त्या वयात तिथली मुलगी कॉलेजच्या मेसमध्ये जेवते. पण कॉलेजनंतरचा खड्डा त्यांच्याकडंही आहे, नोकरी सांभाळून खेळणाऱ्या तिकडंही भरपूर होत्या. (आपल्या देशातही महिला आइस हॉकी आहे बरं का. मुख्यतः लडाखच्या मुली. २०२५ मध्ये आशिया कपात त्यांनी ब्राँझ मिळवलं. त्यांच्यावर वेगळा भाग करू.)

सारिकाताईंचा खड्डा भरला तो नोकरीनं. पुरस्काराच्या आधीच्या वर्षी त्यांना सरकारी नोकरी लागली, तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून. पुरस्कार नंतर आला. हा क्रम लक्षात घ्या, कारण बातम्यांत नेहमी ट्रॉफीचा फोटो असतो, पगाराच्या पावतीचा नसतो.

त्यानंतर खो-खो बराच बदलला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात. नियमही वेगवान केलेले. एक गडी बाद केला की दोन गुण, 'वझीर' नावाची खेळाडू कुठल्याही दिशेला पळू शकते, आणि तुकडी तीन मिनिटांहून जास्त टिकली तर 'ड्रीम रन'चे गुण. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतानं नेपाळला ७८-४० नं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. म्हणजे सारिकाताई हा एखाद-दुसरा चमत्कार नव्हता. तिथं मैदान आहे, शिकवणारे आहेत, आणि मोठ्या मुलींना बघत बघत लहान मुली तयार होतायत.

आता मेसेज पाठवणाऱ्या ताईसाठी कामाचं. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय, अशी चढण. तू अकरावीला, म्हणजे बहुतेक एकोणीसच्या गटात. नंतर विद्यापीठाचा संघ. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण पद जितकं वरचं, तितकी स्पर्धा वरच्या पातळीची लागते. नुसतं "खेळले होते" चालत नाही. त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून पडताळून घ्यावं लागतं. पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा भरतीची जाहिरात निघायची वाट बघत बसू नको. प्रत्येक प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, हे हातात मिळाल्या मिळाल्या तपास. आणि आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव, मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.